माणूस सीमेपार गेला, नोंद कुठे आहे?

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं. आत हद्दपार केलेले १०४ भारतीय. बेड्या आणि साखळ्या बघून आपण सगळे संतापलो, आणि संतापायलाच हवं होतं. पण त्यातले किती गुजरातचे, किती हरियाणाचे, किती पंजाबचे, हे लगेच कळलं. महाराष्ट्राचे तिघं होते. दुसऱ्याच दिवशी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी राज्यसभेत २००९ पासूनचे वर्षवार आकडे मांडले आणि बेड्या घालण्याची अमेरिकेची कार्यपद्धती २०१२ पासूनची आहे हेही सांगितलं. वागणूक अपमानाचीच होती, पण निदान जाब विचारायला हातात काहीतरी होतं.

आता त्याच वर्षीचे मे आणि जून आठवा. देशभर बांगलादेशी शोधण्याची मोहीम जोरात होती. ७ मे ते १५ जून या काळात दीड हजारांहून जास्त माणसं सीमेपलीकडे ढकलली गेली, असं ह्यूमन राइट्स वॉच या आंतरराष्ट्रीय मानवी हक्क संस्थेने जुलैत सांगितलं. हा आकडा आला बांगलादेशच्या अधिकाऱ्यांकडून. आपल्या केंद्र सरकारने तोवर अधिकृत आकडा दिलेलाच नव्हता. आपल्या देशातून कोणाला बाहेर काढलं हे शेजाऱ्याकडून कळावं, याची मला लाज वाटते.

हे सगळं दूर आसाम-बंगालमध्ये चाललंय असं समजू नका. मुर्शिदाबादचा एक गवंडी मीरा रोडला राहून काम करत होता. जूनमध्ये आपल्या पोलिसांनी त्याला उचललं. त्याच्याकडे आधार होतं, पॅन होतं. ते पुरेसं मानलं गेलं नाही. घरच्यांनी आणि पश्चिम बंगालच्या स्थलांतरित कामगार कल्याण मंडळाने गावाकडून कागद पाठवले. तरीही १४ जूनच्या पहाटे तो सीमेपलीकडे ढकलला गेला. तिथल्या एका गावातून त्याचा फोन आला तेव्हा घरच्यांना कळलं. पुढे काही दिवसांत त्याला आणि त्याच्यासारख्या आणखी काही जणांना परत आणावं लागलं, कारण ते भारतीयच होते.

मग पाठवलेले कागद कोणी तपासले? ते नाकारले कोणी, कोणत्या कारणाने? मुंबईजवळून थेट सीमेपर्यंत नेण्याचा आदेश कोणाच्या सहीने निघाला? हे प्रश्न त्या गवंड्याने एकट्याने विचारायचे नाहीत, आपण विचारायचे आहेत. कारवाई आपल्या राज्याच्या पोलिसांनी केली.

कायदा नाही असंही नाही. अटक केली तर पंचनामा हवा, त्यावर साक्षीदाराची सही हवी, नातेवाइकाला कळवायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्येच बजावलंय. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम ३७ प्रमाणे अटक केलेल्यांची नावं-पत्ते पोलीस ठाण्यात ठळकपणे लावावे लागतात. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. पण बांगलादेशी असल्याच्या संशयावरून नेलेल्या माणसाबद्दल विचारलं की उत्तर येतं, अटक नाही केली, फक्त पडताळणीसाठी आणलंय. हा एक शब्द बदलला की सगळ्या नोंदी गळून पडतात. घरातली चार भांडी जप्त करायची तर कॅमेरा लागतो आणि जिवंत माणूस देशाबाहेर घालवायचा तर साधी पावतीही नाही, हे मला कदापि मान्य नाही.

माहिती अधिकारात विचारायला जावं तर सीमा सुरक्षा दल कलम २४ खाली त्या कायद्यातून वगळलेलं आहे. मानवी हक्कभंगाची माहिती मागता येते, पण केंद्रीय माहिती आयोगाची मंजुरी लागते आणि मुदत ४५ दिवसांची. तोवर माणूस परक्या देशात.

पश्चिम बंगालमधल्या बीरभूमची एक गरोदर बाई दिल्लीहून कुटुंबासह अशीच पाठवली गेली. गृह मंत्रालयाच्याच सूचनेप्रमाणे संबंधित राज्याकडून चौकशी व्हायला हवी होती, त्यासाठी ३० दिवसांची मुदत होती. तसं न करता केलेल्या घाईवर कलकत्ता उच्च न्यायालयाने बोट ठेवलं आणि २६ सप्टेंबरला त्यांना चार आठवड्यांत परत आणायला सांगितलं. ती आणि तिचा मुलगा परतले डिसेंबरमध्ये, तेही सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर.

काहीजण म्हणतील, मग घुसखोरांना काढायचंच नाही का? जरूर काढा. बांगलादेशच्या उच्चायुक्तालयाकडून नागरिकत्व पडताळून घ्या, आदेश लेखी द्या, वकील भेटू द्या, मग पाठवा. आणि नोंदीचा फायदा प्रामाणिक पोलिसालाही होतो. शिकागोत ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायाधीश सारा एलिस यांनी इमिग्रेशनच्या कारवाईतल्या जवानांना अंगावरचे कॅमेरे चालू ठेवायला लावले. पुढे त्याच चित्रीकरणातून, अहवालात लिहिलेलं आणि प्रत्यक्ष घडलेलं अनेक ठिकाणी जुळत नाही, हे निकालात आलं. तिथल्या आपल्या मराठी मंडळींना असं चित्रीकरण संरक्षण वाटत असेल, तर नाक्यावर उभ्या बंगाली मजुरालाही ते हवं.

माझी मागणी राज्याच्या गृह विभागाकडे आहे. दर महिन्याला पोलीस ठाण्यानुसार जाहीर करा: किती जणांना पडताळणीसाठी आणलं, किती तास ठेवलं, किती सोडले, किती जणांना कोणाच्या आदेशाने कुठे सोपवलं. लोकांची नावं जाहीर करू नका, ती घरच्यांना आणि वकिलाला द्या. अधिकाऱ्याचं नाव मात्र कागदावर असू द्या.

आणि तोवर तुमच्या इमारतीच्या कामावरून, वस्तीतून कोणाला नेलं तर वेळ, गाडीचा नंबर आणि पोलीस ठाणं लिहून ठेवा, त्याच्या गावी फोन करा आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर त्याच दिवशी वकील मागा.