ओढ्याकाठच्या परवानगीवर सही कुणाची?

पुण्यात ओढ्याच्या काठाला इमारत बांधायची असेल तर फाइलीत ढीगभर कागद लागतात. आगीचा बंब आत वळेल का ते अग्निशमनवाले बघतात. झाडं किती जाणार ते उद्यान विभाग बघतो. सांडपाणी कुठल्या वाहिनीला जोडायचं ते ड्रेनेजवाले सांगतात. पण ‘या इमारतीमुळे ओढ्याला पूर चढणार नाही, चढला तर मला विचारा’ असं लिहून देणारा माणूस त्या फाइलीत कुठेच नाही. माझं सगळं म्हणणं या एका रिकाम्या जागेबद्दल आहे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र सहकारनगर, पद्मावती, अरण्येश्वर, दांडेकर पूल या पट्ट्यातली माणसं विसरलेली नाहीत. कात्रजच्या डोंगरावर काही तासांत बेफाम पाऊस झाला, तलाव भरून वाहिले आणि आंबिल ओढा पात्र सोडून सोसायट्यांत शिरला. टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. शहर आणि आसपासचा भाग धरला तर त्या पावसात वीसहून जास्त जीव गेले. पाहणी, चौकशी, आश्वासनं सगळं रीतसर पार पडलं. नंतर लोक प्रश्न घेऊन महापालिकेत गेले, तेव्हा प्रश्न नेमका कुठल्या मजल्यावर विचारायचा हेच कळेना.

कारण ओढा एकच असला तरी त्याचे धनी अनेक आहेत. काठावर काय बांधायचं ते बांधकाम विभाग ठरवतो. पावसाळ्याआधी गाळ काढायचा तो मलनिस्सारण आणि क्षेत्रीय कार्यालयानं. ओढ्यावरचा रस्त्याचा पूल दुसऱ्याच खात्याचा. नदीची पूररेषा आखायची पाटबंधाऱ्यानं, म्हणजे आताच्या जलसंपदा खात्यानं. पाणी घरात शिरलं की धावायचं आपत्ती व्यवस्थापनानं. सोसायटीची सीमाभिंत पडली तर ती कुणी बांधायची, सोसायटीनं की महापालिकेनं, यावर पुढची काही वर्षं वाद. यातला प्रत्येक जण आपापल्या कागदावर बरोबर असतो, ही यातली सगळ्यात वैतागवाणी गोष्ट. चूक कुणाचीच नसते आणि पाणी तळमजल्याच्या ओट्यापर्यंत असतं.

आता नियम. नदीसाठी आपल्याकडे निळी आणि लाल रेषा आहे. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणारा जिथवर पोचतो ती लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत बांधकामाला मनाई, निळी ते लाल अटी घालून परवानगी. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले बुडाले आणि लष्कराला बोलवावं लागलं. म्हणजे रेषा असूनही ही गत आहे.

ओढ्यांच्या वाट्याला तर तेवढंही येत नाही. विकास आराखड्यात ओढा म्हणजे एक निळी वाकडी रेघ. ती ओढ्याची जागा सांगते, पाणी किती उंच चढेल ते सांगत नाही. मग परवानगी कशावर देतात? अंतरावर. डिसेंबर २०२० पासून राज्यात बहुतेक ठिकाणी जी एकत्रित नियमावली लागू आहे (वास्तुविशारदांच्या तोंडी ‘यूडीसीपीआर’), तिच्यात नाल्यासारख्या लहान प्रवाहाच्या कडेपासून ६ मीटर आणि नदीसारख्या मोठ्या प्रवाहाच्या कडेपासून १५ मीटर हा हिशेब आहे. मोजपट्टी घ्या, ६ मीटर सोडा, पाया खणा.

यात गंमत अशी की सोसायटीमागून झुळझुळणारा हातभर रुंदीचा ओघळ आणि अख्ख्या कात्रजच्या डोंगराचं पाणी घेऊन येणारा आंबिल ओढा हे दोघंही ‘लहान प्रवाह’. दोघांनाही तेच ६ मीटर. मागे किती डोंगर आहे, किती पाणलोट आहे, वरच्या अंगाला किती सिमेंट ओतलंय, यातलं काहीही त्या ६ मीटरला विचारावं लागत नाही.

आणि त्याच कलमाला एक शेपूट आहे. ज्या लहान प्रवाहाला ठळक काठ नाहीत आणि जो सखल जमिनीतून जातो, त्याला प्राधिकरण ठरवेल त्या मार्गानं आणि मापानं बांधून घ्यायची किंवा वळवायची मुभा देता येते. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पण आपल्या दख्खनी ओढ्यांना वर्षातले आठ महिने ‘ठळक काठ’ असतात कुठे? मार्चमध्ये साइटवर उभं राहिलं तर दिसते रुंद, उथळ, गवताळ घळ आणि मधोमध गुडघाभर खोल चर. मोजणारा त्या चराला ओढा म्हणतो. ओढ्याच्या हिशेबात अख्खी घळ त्याची असते, फक्त ती त्याला वर्षातून चार-दोन तास लागते. ते चार-दोन तास सप्टेंबरात रात्री येतात, साइट व्हिजिट मार्चमध्ये दुपारी असते. मग घळ भरून सपाट होते, चराची पेटी-मोरी होते, आणि नकाशावर ‘नाला चॅनलायझेशन’ असं भारदस्त नाव पडतं.

(कुणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच सांगते: हो, आंबिल ओढा खुद्द पेशवाईतच वळवलेला आहे. आधी तो गावातून वाहत जायचा, तो पर्वतीच्या बाजूनं नेला. पण नानासाहेबांनी पर्वतीच्या पायथ्याला त्याच्यासाठी तळंही केलं, जिथे आज सारसबाग आहे, आणि वर कात्रजला तलाव बांधला. पाण्याला थांबायला जागा ठेवून मग त्याची वाट बदलली. आपण आधी जागा काढून घेतो आणि मग वाट बदलतो.)

थोडं गणित करू, सोपं आहे. एक हेक्टर जमीन घ्या, म्हणजे साधारण अडीच एकर. तिच्यावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर तासाभरात ५ लाख लिटर पाणी पडतं. जमीन मोकळी, गवताची असेल तर त्यातलं ढोबळमानानं ३० टक्के वाहून जातं, बाकीचं मुरतं, अडतं, रेंगाळतं. तीच जमीन छपरं, पेव्हर ब्लॉक आणि डांबरानं झाकली की ९० टक्क्यांपर्यंत वाहून जातं. दीड लाखाचं साडेचार लाख लिटर झालं. आपल्याला टँकरच्या भाषेत लवकर कळतं म्हणून: दहा हजार लिटरच्या १५ टँकरऐवजी ४५ टँकर, एका तासात, एका हेक्टरातून. एप्रिलमध्ये सोसायटी ज्या टँकरसाठी पैसे मोजते ते सप्टेंबरात फुकट खालच्या माणसाच्या घरात जातात. शिवाय हे पाणी पूर्वीपेक्षा लवकर पोचतं. सगळीकडून एकदम. जुन्या पुलाखालच्या मोरीचं माप मात्र जुन्या डोंगराच्या हिशेबानं धरलेलं असतं.

पाचशे चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांना पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे, मिळकत करात ५ टक्के सवलतही मिळते. चांगलंच आहे. पण आपल्या काळ्या कातळात एक बोअर आणि एक खड्डा असं किती पिणार? आणि भोगवटा पत्राच्या दिवशी स्वच्छ असलेला तो खड्डा पाच वर्षांनी उघडून बघायला कोण येतं? आमच्याकडे तरी कुणी आलेलं नाही.

वरच्या अंगाचा आणखी एक घोळ. २०१९ चा पूर आला तेव्हा भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी ही ओढ्याच्या उगमाकडची गावं पुणे महापालिकेच्या हद्दीत नव्हतीच. ती जून २०२१ मध्ये आली. तेव्हा तिकडची परवानगी पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) अखत्यारीत आणि खालच्या नाल्याची सफाई महापालिकेकडे. वरचा परवानगी देतो, खालचा गाळ उपसतो, दोघांची कधी गाठ पडायची गरज नाही.

माझी आतेबहीण अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला असते. तिच्या पाण्याच्या बिलात एक वेगळी ओळ येते, स्टॉर्म वॉटरची. तिनं फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, “ताई, इथे पावसाचंसुद्धा बिल येतं बघ!” मला आधी हसू आलं, मग मी ते सगळं वाचून काढलं. बिल पावसाचं नाहीच, छपराचं आणि ड्राइव्ह-वेचं आहे. तुमच्या जागेत पाणी न मुरणारा भाग किती, त्यावर आकार. जास्त सिमेंट, जास्त पैसे. हे १९९३ पासून चालू आहे. तो पैसा जातो शहर आणि काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) जोड सेवेकडे, जिचं नावच स्टॉर्म वॉटर सर्व्हिसेस. ओढ्यांची निगा तिच्याकडे, पूरक्षेत्राचे नकाशे तिच्याकडे आणि पूरक्षेत्रात बांधायचं तर परवानाही तिच्याचकडून.

त्या नकाशांतली एक गोष्ट मला फार आवडली. आजच्या जमिनीवरचा पूर दाखवून ते थांबत नाहीत. पाणलोटात पुढे जेवढं बांधकाम होऊ शकतं तेवढं झालं असं धरून तेव्हाचा पूर कुठवर येईल तेही काढतात, आणि नव्या इमारतीची जोत्याची उंची ठरवताना तो पूर धरतात. ओढ्याकाठी मोकळा ठेवायचा पट्टाही सगळ्यांना सारखा नाही. ओढ्याला किती पाणलोट मिळतं त्यानुसार तो ३५ फुटांपासून १०० फूट आणि त्याहून जास्त होतो. आपले ६ मीटर म्हणजे २० फूट, लहानथोर सगळ्यांना.

शार्लट म्हणजे स्वर्ग, असं मला म्हणायचं नाही. त्यांनीही पूर्वी पूरक्षेत्रात बेधडक घरं बांधू दिली, नव्वदीत दोन मोठे पूर खाल्ले, आणि १९९९ पासून ते मालकांकडून अशी घरं विकत घेऊन पाडताहेत, आतापर्यंत चारशेहून अधिक इमारती. मुद्दा एवढाच की पूर आला की ज्याच्या खिशाला चाट बसते, त्याच्याच हातात परवान्याचा शिक्का आहे. ते खातं परवाना देताना हात आखडणार नाही तर काय?

आपल्याकडे हात कुठे आखडतो तेही बघा. २४ जून २०२१ ला, ऐन पावसाळ्यात, दांडेकर पुलाजवळच्या आंबिल ओढ्याकाठच्या वस्तीवर बुलडोझर आले. बायका रस्त्यावर उतरल्या, त्याच दिवशी न्यायालयाची स्थगिती आली. त्या घरांना धोका नव्हता असं मी म्हणत नाही, होताच. पण वरच्या अंगाला ज्या इमारतींनी ओढ्याची घळ गिळली त्यांच्याकडे मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र आहे, त्यामुळे त्या ‘अधिकृत’. पुराला अधिकृत-अनधिकृत कळत नाही, बुलडोझरला बरोबर कळतं. आणि नियम मोडण्यात खासगी बिल्डरच पुढे असतात असंही नाही. विठ्ठलवाडीपासून वारज्याच्या दिशेचा नदीपात्रातला रस्ता निळ्या रेषेत येतो म्हणून २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने चाप लावला होता, आणि तो रस्ता महापालिकेचा होता.

मला हवंय ते थोडक्यात असं. महापालिकेत पावसाच्या पाण्याचा एकच विभाग, आणि त्याचा स्वतःचा पैसा. प्रत्येक ओढ्याचा पाणलोटानुसार पूरनकाशा, पुढचं बांधकाम धरून. ओढ्याकाठचा प्रत्येक प्रस्ताव, आणि ओढा वळवायचा प्रत्येक अर्ज तर नक्कीच, त्या विभागाच्या अभियंत्यानं पावसाळ्यात जाऊन बघायचा. परवानगीत एक आकडा लिहायचा: या जागेतून आधी इतकं पाणी जात होतं, आता इतकं जाईल, फरक अडवायची टाकी इथे. खाली नाव आणि सही. दहा वर्षांनी पाणी शिरलं तर कुठलं पान उघडायचं ते ठरलेलं असेल.

यावर माझ्या नात्यातल्याच एका बांधकाम व्यावसायिकाचं उत्तर तयार होतं: “अजून एक एनओसी म्हणजे अजून एक टेबल, आणि टेबलाखालचंही तुम्हाला माहीत आहे.” बोलणं खोटं नाही. म्हणूनच मी अजून एक टेबल मागत नाहीये, आज विखुरलेली टेबलं एकत्र करा म्हणतेय. आणि ते आकडे परवानगीसोबत संकेतस्थळावर टाका. आकडा सगळ्यांना दिसला की खालच्या सोसायटीतला एखादा निवृत्त अभियंता तो फुकट तपासून देईल. पुण्यात या जमातीची कमतरता नाही.

पावसाळी आकार लावला तर लोक ओरडतील, मान्य. मीही ओरडेन. पण मिळकत कर भरतोच आहोत, टँकरचे पैसे भरतोच आहोत, पंप लावून पार्किंग उपसायचे भरतोच आहोत. त्याऐवजी अंगणातले अर्धे पेव्हर काढले तर बिल कमी होईल असं कुणी सांगितलं, तर आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत तो ठराव बहुमतानं पास होईल याची मला खात्री आहे.

ज्यांच्या इमारतीमागून आंबिल ओढा, भैरोबा नाला, माणिक नाला, नागझरी किंवा राम नदी जाते, त्यांनी एक करा. सोसायटीच्या कपाटातला मंजूर नकाशा काढा, ओढ्याची रुंदी त्यावर किती लिहिली आहे ते बघा, मग मागे जाऊन टेपनं मोजा. दोन्ही आकडे खाली कॉमेंटमध्ये लिहा. नकाशावर ओढाच नसेल तर तेही लिहा.