‘गोव्याला कोणी विचारले होते?’ या दाव्याचा प्रतिवाद

भारतीय राज्यघटनेला गोव्याने कधीच संमती दिली नाही, मुक्तीनंतर ती लादली गेली, आणि म्हणून गोवा विधानसभेच्या मंजुरीविना कोणतीही घटनादुरुस्ती येथे लागू होत नाही, असा मजकूर पेडण्यापासून काणकोणपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्यात थोडे खरेही आहे, म्हणूनच तो पटतो.

आधी संमतीविषयी. संविधान सभेने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेली घटना ना कोणत्या प्रांताच्या विधिमंडळाकडे मंजुरीला गेली, ना जनमताला. रत्नागिरीच्या मतदारालाही कोणी स्वतंत्रपणे विचारले नव्हते. त्या सभेत गोव्याचा प्रतिनिधी नव्हता हे खरे, परंतु तेव्हा येथे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट होती, आणि तिचा १९३० चा वसाहत कायदाही गोमंतकीयांना विचारून झालेला नव्हता. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. लोहिया ज्या सभा-भाषण स्वातंत्र्यासाठी उभे राहिले, ते येथे मिळाले ते याच घटनेच्या १९व्या कलमाने.

‘लादली’ म्हणणाऱ्यांची एक गोष्ट मान्य करावी लागते: गोव्याला संघप्रदेश म्हणून घटनेत सामील करणारी १९६२ ची बारावी घटनादुरुस्ती संसदेत झाली, तेव्हा तेथे गोव्याने निवडून दिलेला एकही सदस्य नव्हता. मात्र त्याच वर्षीच्या नागरिकत्व आदेशाने, पूर्वीचेच नागरिकत्व ठेवू इच्छिणाऱ्यास प्रशासकाकडे एका महिन्यात लेखी घोषणा करण्याची मुभा दिली होती, आणि डिसेंबर १९६३ मध्ये गोमंतकीयांनी स्वतःची विधानसभा निवडली. त्या सभागृहात प्रत्येक आमदार घटनेची शपथ घेऊनच बसला.

येथे आपल्या बाजूचे लोक १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल पुढे करतात, तेही चुकीचे आहे. मतपत्रिकेवर ‘फूल’ म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण आणि ‘दोन पाने’ म्हणजे संघप्रदेश, एवढेच पर्याय होते. घटना हवी की नको, हा प्रश्न तेथे नव्हताच. तेव्हा त्या कौलाला घटनेची मंजुरी म्हणणे म्हणजे खोट्याला खोट्याने उत्तर देणे होय.

राहिला विधानसभेच्या नकाराधिकाराचा प्रश्न. ३६८व्या कलमानुसार बहुतेक दुरुस्त्यांना संसदेचे विशेष बहुमत पुरते. राष्ट्रपतींची निवडणूक, संसदेतील राज्यांचे प्रतिनिधित्व, सातवी अनुसूची (केंद्र व राज्यांमधील विषयांची वाटणी) अशा मोजक्या बाबींसाठीच किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. आज २८ राज्यांपैकी १४ पुरतात, आणि ती मिळाल्यावर नकार देणाऱ्या राज्यालाही दुरुस्ती लागू होते. जीएसटीच्या दुरुस्तीला २०१६ मध्ये गोवा विधानसभेने मंजुरी दिली ती या प्रक्रियेचा भाग म्हणून.

कलम ३७१-आयमुळे गोव्याला खास संरक्षण आहे, असेही त्या मजकुरात म्हटलेले असते. ते कलम एका वाक्याचे आहे: गोव्याच्या विधानसभेत किमान ३० सदस्य असतील. जमीन, भाषा किंवा दुरुस्ती नाकारण्याचा हक्क यांविषयी त्यात अवाक्षरही नाही, आणि तसे काही हवे असेल तर त्याची मागणी संसदेकडेच करावी लागेल.