शिल्प गेटच्या आत कशाला?

द्राक्षाच्या मळ्यात शिल्प उभारणाऱ्या वायनरीचं मला कौतुक आहे. हे आधीच सांगते, कारण पुढे मी तक्रारच करणार आहे. आणि वाईन म्हटलं की कमेंटमध्ये संस्कृतीरक्षक धावून येतात. त्यांनी 2022 च्या जानेवारीत, सुपरमार्केटात वाईन विकू द्यायचा निर्णय झाला तेव्हा, मन भरेपर्यंत बोलून घेतलंय. आज विषय शिल्पाचा आहे.

फेब्रुवारीत भाच्याने ओढून नेलं म्हणून नाशिकजवळच्या एका छोट्या वायनरीच्या फेस्टिव्हलला गेले. नाव मुद्दाम लिहीत नाही. नेरुळहून आता जाणं सोपं झालंय. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा 2025 च्या जूनमध्ये सुरू झाला, त्यामुळे कसारा घाट टळतो. भिवंडीची कोंडी टाळायची सोय अजून कोणी काढलेली नाही.

नाशिकच्या सुला वायनरीचा सुलाफेस्ट 2008 साली सुरू झाला, तेव्हापासून द्राक्षाच्या मळ्यात गाणीबजावणी ही काही नवलाई राहिली नाही. या लोकांनी मात्र थीम ठेवली होती 'हात'. बाटलीमागचे हात. त्यासाठी चांगलं बारा-एक फूट उंचीचं शिल्प करून घेतलं होतं. द्राक्षवेलींच्या जुन्या मांडवाचे गंजके अँगल आणि तारा वापरून दोन हात, एकात द्राक्षाची काडी, दुसऱ्यात छाटणीची कात्री. मनगटावरच्या शिरा तारांच्या. खालच्या दगडावर शिल्पकाराचं नाव नीट कोरलेलं. हे नाव कोरणं मला फार आवडलं.

विषयही अगदी योग्य निवडलाय. द्राक्षाची वेल आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, मग पावसाळा सरता सरता फळासाठी गोडी छाटणी. थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपी जाते, इथे ती झोपतच नाही, म्हणून माणसालाच कात्री घेऊन तिचं वेळापत्रक लावावं लागतं. कुठल्या काडीवर किती डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवायचे यावर सगळा हंगाम ठरतो. ही कामं करायला पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. छाटणी, विरळणी, तोडणी, सगळं त्यांच्याच हातून होतं.

अनावरणाच्या वेळी अशी एक टोळी मंचावर बोलावली. शाल, नारळ, फोटो. थीमच हातांची, तेव्हा हे ओघानेच आलं. मग ते सगळे मागच्या गेटने परत तोडणीला गेले आणि आम्ही तिकीटवाले पुढे सरकलो. तिकीट, बरं का, आमच्या महिन्याच्या दुधाच्या बिलाहून जास्त होतं.

पण जाता जाता त्यातल्या एका बाईने शिल्पाकडे मान वर करून नीट पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "डोळाच पाडतेय की ही. मग माल कुठून लागायचा?" मी परत बघितलं. कात्री खरंच डोळ्याच्या खाली लावलेली होती. तिथे कापलं तर ज्या डोळ्यातून घड यायचा तोच जमिनीवर पडणार. त्या संध्याकाळी माइकवरून 'मातीशी नातं' वगैरे खूप काही बोललं गेलं. शिल्प बघून केलेलं बोलणं एवढं एकच.

आणि इथेच माझं भांडण आहे. निवेदक त्याला तीन-चारदा सार्वजनिक कलाकृती म्हणाला. ज्यांच्या हातांचं ते शिल्प आहे, त्यांना ते वर्षातून एकदा, शाल घेताना, बघायला मिळणार असेल तर ती वायनरीची शोभेची वस्तू झाली. शोभेची वस्तू ठेवायलाही हरकत नाही, स्वतःच्या पैशाने घेतलीय. फक्त तसं म्हणा.

उघड्यावरच्या कलाकृतीचं काय होतं ते मुंबईत काळा घोड्याला बघा. सातव्या एडवर्डचा पुतळा, 1879 सालचा. लोकांनी राजाकडे ढुंकून पाहिलं नाही, घोडा पाहिला आणि भागाला नाव देऊन टाकलं. 1965 मध्ये पुतळा राणीच्या बागेत नेला, नाव जागच्या जागी राहिलं. 2017 मध्ये तिथे पुन्हा घोडा बसवला, या वेळी स्वाराशिवाय. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी राजाला बडतर्फ केलं, त्यावर शिक्कामोर्तब झालं म्हणायचं.

आमच्या नवी मुंबईत उलटी गत आहे. इथे सगळं उघड्यावर आहे, तिकीट नाही, पण करणाऱ्याचं नाव शोधून सापडायचं नाही. स्वच्छ सर्वेक्षण जवळ आलं की उड्डाणपुलांचे खांब रंगतात. तारपा नाचणारे वारली दिसतात, सगळे एकाच मापाचे. नामवंत वारली चित्रकार जिव्या सोमा मशे ज्या डहाणूचे, तो तालुका 2014 पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, पण खांबावर कोणा वारली चित्रकाराची सही मला आजवर दिसलेली नाही. फ्लेमिंगो तर चौकाचौकात. 2024 च्या उन्हाळ्यात नेरुळच्या डीपीएस तलावात खरे फ्लेमिंगो मेले, तेव्हा हे सिमेंटचे तसेच एका पायावर उभे होते. चिडचिड झाली, कबूल.

म्हणून वायनरीवाल्यांनी नाव कोरलं, जुनं लोखंड वापरलं, शिल्पकाराला मोकळीक दिली, हे मला आमच्या चौकांपेक्षा कितीतरी वरचं वाटतं. राहिलं फक्त ते गेटबाहेर काढणं. मुख्य रस्त्यावर फाटा आहे. तिथे एसटी थांबते, टोळ्यांचे टेम्पो थांबतात, शाळेची पोरं उभी असतात.

मी तिथल्या मॅनेजरला हे सुचवलं. तो सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, फाट्यावर ठेवलं तर लोक अँगल काढून भंगारात विकतील." शक्य आहे. आमच्याकडे गटारांची झाकणं जातात. पण मग चौथरा उंच करा, वेल्डिंग पक्कं करा, एक दिवा लावा. फेस्टिव्हलच्या मंचावर झालेल्या खर्चात हे आरामात बसलं असतं.

भाचा म्हणतो, "मावशी, तू लिही, ग्रामपंचायतीला पत्र मी नेऊन देतो." मसुदा तयार आहे. त्यात दोनच गोष्टी मागितल्यात: फाट्यावर चौथऱ्यापुरती जागा, आणि शिल्प हलवण्याआधी शिल्पकाराने त्या टोळीतल्या बाईला बोलावून तिच्यासमोर कात्री डोळ्याच्या वर सरकवावी.