नव्या जंगलात नवा बूट

पत्रकावर लिहिलं होतं, 'कुटुंबासाठी सोयीची वाट.' अंतर साडेपाच किलोमीटर, वेळ दीड तास, चढ नाही. कुणाच्या कुटुंबासाठी, एवढं मात्र लिहायचं राहिलं होतं.

आमचं कुटुंब पाच जणांचं. बायकोला चालायला फार आवडतं, माझ्याबरोबर चालायला तितकंसं नाही. थोरली अकरा वर्षांची. शाळेत निसर्गाचा धडा झाल्यापासून ती घरात वनरक्षकासारखी वावरते. धाकटा सहाचा, त्याला मराठीत एकच वाक्य अस्खलित येतं, "अजून किती राहिलं?" आणि माणदेशातला उन्हाळा टाळायला दहिवडीजवळच्या गावातून दोन महिन्यांसाठी इंग्लंडमध्ये, रेडिंगला आलेली माझी आई. मे महिन्यातल्या पहिल्या सोमवारी इथे बँका बंद असतात आणि त्या आनंदात अख्खा देश गाडी काढून बाहेर पडतो. आम्हीही पडलो.

मी चालायचे खास बूट घेतले होते. आईने ते हातात घेऊन उलटेपालटे केले.

"कसलं रं हे?"

"चालायचे बूट आहेत."

"मग आत्तापतुर कशानं चालत हुतास?"

जायचं होतं न्यू फॉरेस्टला, रेडिंगहून शंभरेक किलोमीटर. या 'न्यू'वर जाऊ नका. विल्यम राजाने 1079 मध्ये हे जंगल शिकारीसाठी राखून ठेवलं, तेव्हापासून ते नवंच आहे. पुण्याच्या नव्या पुलाने शंभरी ओलांडली तरी तो नवाच, तसंच. आणि दुसरी फसवणूक 'फॉरेस्ट' या शब्दाची. त्या काळी फॉरेस्ट म्हणजे झाडी नव्हे, राजाची राखीव जागा. त्यात रान आलं, गवत आलं, दलदल आली आणि मैलोन्‌मैल ओसाड, खुरट्या झुडपांचं हीथही आलं. हे सगळं मी गाडीत सांगितलं. मुलांच्या कानांत बोंडं होती. आई म्हणाली, "म्हंजी राजाचं कुरान." कुरण. नऊशे वर्षांचा इतिहास मी दहा मिनिटं सांगत होतो, तिने तो एका शब्दात बसवला.

सुरुवात झकास झाली. ओक आणि बीचची झाडं, बीचला नुकती फुटलेली पोपटी पालवी, खाली वाळक्या पानांचा गालिचा. थोरलीने सगळ्यांच्या पँटचे पाय मोज्यांत खोचायला लावले. मी आईला कारण समजावून सांगितलं : इथे टिक नावाचा एक बारीक किडा असतो, तो गवतावरून अंगावर चढतो, कातडीत तोंड रुतवून रक्त पितो, त्यातून लाइम नावाचा आजार...

"गोचीड," आई म्हणाली. "म्हशीला हुत्यात."

तिने नऊवारीचा काष्टा घट्ट केला, वर माझं जुनं जर्किन, पायात सुनेचे स्पोर्ट्स शूज, आणि चालू लागली. सगळ्यांच्या पुढे.

मग झाडी संपली आणि हीथ सुरू झालं. पत्रकावरच्या फोटोत इथे क्षितिजापर्यंत जांभळी फुलं होती. प्रत्यक्षात क्षितिजापर्यंत तपकिरी खुरटी झुडपं. "जांभळं ऑगस्टमध्ये होतं," थोरलीने मोबाइलवर शोधून सांगितलं. आई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"ह्यो तर माळ हाय."

"आई, हे हीथलँड आहे. फार दुर्मीळ..."

"माळच हाय. इमानाचं तिकीट काढून तू मला माळावर आणलंस."

मी पुन्हा माहितीला हात घातला. हा माळ निसर्गाने केलेला नाही, हजारो वर्षांपूर्वी माणसांनी झाडं तोडली, मग जनावरं चरत राहिली म्हणून तो तसाच टिकला. चराई थांबली तर बर्च आणि पाइन माजून सगळं गिळून टाकतील. हिवाळ्यात तर मुद्दाम काही पट्टे जाळतात, नवी फूट यावी म्हणून. आई ऐकून म्हणाली, "आमी बी पेटवायचो. पावसाच्या आदी." मला वाटायला लागलं की मी हिला फिरायला आणलं नसून ही मला घेऊन आली आहे.

ते पुढे सिद्धच होत गेलं. एका पाटीवर होतं की जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत, मुख्य वाट सोडू नका. आई म्हणाली, टिटवी असणार, ती माळावरच घालते. पाटीवर खरंच टिटवीचीच गोरी चुलतबहीण होती, डोक्यावर तुरा असलेली. पत्रकात ॲडरबद्दल इशारा होता, ब्रिटनमधला एकमेव विषारी साप. फोटो दाखवला तर आई म्हणाली, "फुरशाच्या जातीतला दिसतोय." घरी जाऊन बघितलं, कुळ एकच. अन्‌ पिवळ्याधमक फुलांचं ते काटेरी गॉर्स. बायको म्हणाली, हुंगून बघा. आईने नाक नेलं, काटा टोचला, तरी परत नेलं. चेहरा उजळला. "नारळाचा वास येतोय की गं!" येतोच. नारळाचं झाड हजारो मैलांत नाही, वाऱ्यावर मात्र नारळीभात. बायकोला यावरची एक इंग्रजी म्हण आठवली : गॉर्सचा बहर संपला की चुंबनाची रीत संपली, आणि गॉर्स तर वर्षभर कुठे ना कुठे फुललेलाच असतो. आईने अर्थ विचारला. मी सांगितलं, "बारमाही फूल आहे."

आता घोड्याचं.

इथली तट्टं जंगली वाटतात, पण प्रत्येकाला मालक आहे. आसपासच्या ठराविक घरांना, जमिनींना चराईचा जुना हक्क आहे. आपलं जनावर माळावर सोडायचं, वर्षाची फी भरायची, की अजिस्टर नावाचे राखणदार त्याच्या शेपटीचे केस ठराविक नमुन्यात कातरतात. शेपटी बघून कळतं, हे कुणाच्या हद्दीतलं. वाद झाला तर लिंडहर्स्ट गावात वर्डररांचं, म्हणजे या जंगलाचा कारभार बघणाऱ्यांचं, वेगळं न्यायालय आहे. आईला या सगळ्या प्रवासात एवढी एकच गोष्ट खरोखर पटली. "शेपटीवर पावती. ब्येस हाय."

आम्ही सतरंजी टाकून डबा सोडला. ज्वारीचे धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. मुलांनी नाकं मुरडली. त्यांच्यासाठी चीज सँडविच होतंच. एवढ्यात एक तपकिरी तट्टू रमतगमत आलं, अगदी शेजारच्या काकांसारखं, आणि काही कळायच्या आत त्याने डब्यातून धपाटं उचललं.

"आजी! नको!" थोरली किंचाळली. "खायला घालायला बंदी आहे! दंड होतो!"

"म्या कुटं घातलं? त्येनं घेतलं."

खरंच बंदी आहे आणि तिला कारणही आहे. एकदा माणसाच्या हातचं खायची चटक लागली की ही जनावरं रस्त्यावर येतात, मोटारींखाली सापडतात, चावतात. थोरलीने हे सगळं रडत रडत सांगितलं. आम्ही सतरंजीसकट पळालो. तट्टू मागे. मी सतरंजी फडकावत, बायको डबा डोक्यावर धरून, धाकटा "अजून किती राहिलं?" विचारत, आणि आई सगळ्यात मागून, वळून वळून त्याच्याकडे कौतुकाने बघत. "हिरवी मिरची हाय त्यात. पण बघ, त्वांड वाकडं केलं न्हाई." शेवटचे शब्द नातवंडांना उद्देशून होते.

या पळापळीत वाट सुटली. मोबाइलला रेंज नव्हती. कागदी नकाशा होता, पण त्यावर आम्ही कुठे आहोत हे कळायला आम्ही कुठे आहोत हे आधी माहीत असावं लागतं. समोर एक हिरवागार, मखमली पट्टा दिसला. आजूबाजूच्या तपकिरी रखरखाटात जणू कुणी लॉन लावलंय. पलीकडे गाड्यांची टपं चमकत होती. मी म्हणालो, इथून सरळ जाऊ.

"तितं पाय दिऊ नगंस," आई म्हणाली.

"आई, चालायचे बूट आहेत."

चौथ्या पावलाला मी गुडघ्यापर्यंत आत होतो. ते लॉन नव्हतं, पाण्यावर तरंगणारं स्फॅग्नम शेवाळ होतं. हे शेवाळ आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतं आणि त्या दिवशी त्याने मलाही धरून ठेवलं. बायकोने माझे दोन्ही हात धरून ओढलं. मी आलो. डावा बूट आला नाही. आत कुठेतरी 'पुच्च' असा तृप्त आवाज झाला आणि वर दोन बुडबुडे आले. मी खांद्यापर्यंत हात घालून शोधला. थोरली म्हणाली, "बाबा, दलदलीला त्रास देऊ नका."

तिथून पुढे आई पुढारी. तिने नकाशा बघितला नाही. शेण बघत बघत तिने जनावरांची पायवाट धरली. "गुरं चिखलातनं जात न्हाईत," एवढंच बोलली. मधूनमधून "एवढं शेन वाया चाललंय" अशी हळहळ. एका पायात बूट, एका पायात ओला मोजा, अशा अवस्थेत मी तिच्या मागून. समोरून येणारी गोरी कुटुंबं हसून "लव्हली डे" म्हणत होती.

गाडीपाशी पोहोचलो तेव्हा निघून चार तास झाले होते. आईने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हितनंच निघालो हुतो न्हवं?"

"हो. गोल वाट असते ती."

"मग मदी देव कुटं हुता?"

याला काय उत्तर द्यायचं? आपल्याकडे गोल फिरायचं तर मध्ये निदान मारुती असतो. मी म्हणालो, नव्हता. ती काही बोलली नाही. गाडीत बसून चटणीचा डबा घट्ट झाकला आणि डोळे मिटले.

रात्री मी पाय गरम पाण्यात घालून बसलो होतो. शेजारच्या खोलीतून मावशीशी चाललेला फोन ऐकू येत होता.

"बघितला की राजाचा माळ. ...न्हाई, राजा न्हवता. घोडी हायती मोप. एकानं धपाटं खाल्लं. ...व्हय, आवडलं त्येला. जायचंय परत, आइतवारी. ...ह्यो? ह्येचा बूट गेला चिखलात. ...नवा गं, कोरा! चालायचा बूट हुता म्हणं." मग थोडा वेळ तिकडून मावशी बोलत असावी. "काय करतीस," आई म्हणाली, "चालायचंच."