क्लीनला पुरलं कुठे?

‘अपोकॅलिप्स नाऊ’ या व्हिएतनाम युद्धावरच्या सिनेमाची कुठली आवृत्ती पाहावी, यावरून आमच्या इंदूरच्या मित्रमंडळींत दर वेळी वाद होतो. परवा रामबागेतल्या घरी काका आणि चुलतभावासोबत ‘फायनल कट’ पाहिला, तेव्हा आता सविस्तर लिहूनच टाकतो.

मूळ सिनेमा १९७९चा, १४७ मिनिटांचा. २००१च्या ‘रिडक्स’ आवृत्तीत दिग्दर्शक कोपोलाने ४९ मिनिटं परत घातली. २०१९चा ‘फायनल कट’ १८३ मिनिटांचा. फिलिपिन्समध्ये शूटिंगच इतकं झालं होतं की संकलनाच्या टेबलावर २३० तासांहून जास्त फिल्म येऊन पडली. त्यामुळे काय ठेवलं यापेक्षा काय टाकलं, यातच या सिनेमाचा जीव आहे.

‘रिडक्स’मधलं बरंचसं परत यायलाच नको होतं. कॅप्टन विलार्ड नदीतून बोटीने बंडखोर कर्नल कर्ट्झला मारायला निघालेला असतो. वाटेत तो किलगोर या अधिकाऱ्याचा सर्फबोर्ड पळवतो, बोटीवर हसणं-खिदळणं होतं. अरे, हाच माणूस पुढे सांपानमधल्या, म्हणजे छोट्या होडीतल्या, जखमी मुलीला शांतपणे गोळी घालणार आहे! पोरांशी त्याची दोस्ती झालेली दिसली की त्याचा धाकच जातो. दिवसाउजेडी मासिक वाचून दाखवणारा कर्ट्झही मला नको. कर्ट्झ झालेल्या ब्रँडोच्या चेहऱ्यावरचा अंधार हीच त्याची ताकद आहे. तो प्रसंग ‘फायनल कट’मधून काढला, फार बरं केलं.

पण ‘रिडक्स’मध्ये आलेला आणि ‘फायनल कट’मध्येही ठेवलेला फ्रेंच मळ्याचा प्रसंग मात्र हवाच. जेवणाच्या टेबलावरचा दिएन बिएन फूचा, म्हणजे व्हिएतनाममधल्या फ्रेंचांच्या पराभवाचा, वाद लांबतो, कबूल. तरी हवा, कारण त्याच्या आधी क्लीनचं दफन आहे.

क्लीन म्हणजे बोटीवरचं सगळ्यात लहान पोर. त्याचं काम करणारा लॉरेन्स फिशबर्न शूटिंग सुरू झालं तेव्हा १४ वर्षांचा होता. आईने पाठवलेली टेप लावलेली असताना त्याला गोळी लागते. पोरगा मरून पडतो आणि आईचा आवाज चालूच राहतो. १९७९च्या आवृत्तीत बोट तशीच धुक्यात शिरते. पुढे बोट चालवणारा चीफ भाला लागून मरतो, त्याला बोटीवरचाच लान्स नदीत सोडतो, तेही आपण पाहतो. पण क्लीनचं काय झालं, कुणी सांगतच नाही. मळ्यात मात्र त्याला मूठमाती मिळते. फाटक्या झेंड्याची घडी चीफ विलार्डच्या हाती देतो.

काका फौजेत होते. ऐंशीच्या दशकात नागालँडला पोस्टिंग असताना आजीने त्यांना कॅसेट भरून पाठवली होती. ती अजून त्यांच्या कपाटात आहे. सुरुवातीला “जेवतोस ना वेळेवर?” आणि मध्येच “अगं, दूध बघ, दूध!” मग बराच वेळ नुसती भांड्यांची आदळआपट. पुढे आजी परत येऊन म्हणते, “हां, काय सांगत होते...”

काही वर्षांपूर्वी जुनी आवृत्ती लावली होती, तेव्हा टेपच्या प्रसंगाला काका उठून गॅलरीत गेले, ते सिनेमा संपेपर्यंत आत आलेच नाहीत. आम्हीही हाक मारली नाही.

परवाही ते त्याच जागी उठले. दारापर्यंत गेले. पडद्यावर खड्डा दिसला तसे तिथेच थांबले आणि झेंड्याची घडी होईपर्यंत चौकटीला धरून उभे होते. मग खुर्चीत येऊन बसले आणि भावाला म्हणाले, “आवाज जरा वाढव रे.”