वर्ल्ड सिरीज आणि वर्तमानपत्राचा बादरायण संबंध

ऑक्टोबर उजाडला की हा निरोप व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. मला तो आधी अमेरिकेतल्या नातलगांकडून येतो, मग पुण्यातल्या शाळासोबत्यांकडून. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच: ‘अमेरिकन लोक आपल्या घरच्या बेसबॉल स्पर्धेला वर्ल्ड सिरीज म्हणतात म्हणून हसू नका. हे वर्ल्ड म्हणजे जग नव्हे. 1903 साली ही स्पर्धा पहिल्यांदा भरली, खर्च न्यूयॉर्क वर्ल्ड या वर्तमानपत्राने उचलला आणि त्याचं नाव स्पर्धेला चिकटलं. जगाशी त्याचा काही संबंध नाही.’

गोष्ट ऐकायला छान आहे, आणि पटतेही. त्याच 1903 साली फ्रान्समध्ये ‘लोतो’ नावाच्या वर्तमानपत्राने खप वाढवण्यासाठी सायकलची शर्यत सुरू केली, तीच आजची तूर द फ्रान्स. तेव्हा असं होऊच शकत नाही, असं म्हणण्याची सोय नाही. पण या बाबतीत तसं झालेलं नाही. निरोपातलं एकेक वाक्य घेऊ.

‘1903 साली पहिल्यांदा.’ इथेच पाया ढासळतो. दोन व्यावसायिक लीगच्या विजेत्यांनी हंगाम संपल्यावर आपसांत भिडायचं, ही कल्पना 1903 च्या एकोणीस वर्षं आधी मैदानात उतरली होती. एका बाजूला 1876 पासूनची नॅशनल लीग होती. ही सोवळ्यातली मंडळी: तिकीट पन्नास सेंट, रविवारी सामना नाही, मैदानावर दारू नाही. दुसऱ्या बाजूला 1882 मध्ये खेळायला उतरलेली अमेरिकन असोसिएशन. तिथे पंचवीस सेंटात प्रवेश, रविवारचे सामने आणि सोबत बिअर. सुरुवातीला दोघांत विस्तव जात नव्हता. 1883 मध्ये तह झाला आणि पुढच्याच वर्षी नॅशनल लीगचा विजेता प्रॉव्हिडन्स ग्रेज आणि असोसिएशनचा विजेता न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्स समोरासमोर आले. 23, 24 आणि 25 ऑक्टोबर 1884, तीन दिवसांत तीन सामने, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर.

आव्हान मेट्रोपॉलिटन्सचा व्यवस्थापक जिम मट्री याचं होतं आणि मैदान त्यांच्या घरचं. पण समोर चार्ल्स रॅडबोर्न होता, ‘ओल्ड हॉस’ या टोपणनावाने ओळखला जाणारा पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा. त्या वर्षी जुलैत प्रॉव्हिडन्सचा दुसरा मुख्य पिचर चार्ली स्वीनी भांडून संघाबाहेर पडला आणि उरलेला हंगाम जवळजवळ एकट्या रॅडबोर्नने ओढला. त्याचे हंगामातले विजय कुणी 59 मोजतं, कुणी 60. आज एखाद्या पिचरने वीस सामने जिंकले तरी कौतुकाचा पूर येतो. या मालिकेतले तिन्ही सामने त्यानेच टाकले आणि तिन्ही जिंकले. पहिला 6-0. दुसरा 3-1, त्यात जेरी डेनीच्या एका होमरनवर (एकाच फटक्यावर मैदानाची फेरी पूर्ण करणं) तिन्ही धावा आल्या. तिसरा एकतर्फी झाला आणि सहा डावांतच आटोपला. आणि त्या वेळच्या वृत्तपत्रांनी प्रॉव्हिडन्सला काय म्हटलं? जगज्जेते. 1884 मध्येच.

पुढे 1890 पर्यंत दरवर्षी अशी मालिका झाली. पंचांग-वार्षिकांसारखी त्या खेळाची मार्गदर्शक पुस्तकं निघत, त्यांत तिला ‘वर्ल्ड्स चॅम्पियनशिप सिरीज’ म्हणजे जगाच्या अजिंक्यपदाची मालिका म्हटलेलं आहे. बोलताना मधला शब्द गळून ‘वर्ल्ड्स सिरीज’ झालं, आणि नंतर तो ‘स’ही झिजला. नावाची व्युत्पत्ती इतकी सरळ आहे. 1903 मध्ये नव्या अमेरिकन लीगचा विजेता बॉस्टन आणि नॅशनल लीगचा विजेता पिट्सबर्ग खेळले तेव्हा त्यांनी नवं बारसं केलं नाही, जुनंच नाव उचललं.

निरोप लिहिणाऱ्याच्या बाजूने एक मान्य करायला हवं. आजचे अधिकृत विक्रम 1903 पासूनच मोजले जातात, आणि त्यालाही कारण आहे. जुन्या मालिकांचा कारभार जत्रेतल्या कुस्त्यांसारखा होता. किती सामने, कुठे, पैसे कुणाला, हे दोन मालक बसून दरवर्षी नव्याने ठरवत. 1885 मध्ये शिकागो आणि सेंट लुईस यांच्या मालिकेत पंचाच्या निर्णयावर चिडून सेंट लुईसचा कर्णधार चार्ल्स कॉमिस्की संघ घेऊन मैदानाबाहेर चालता झाला. सामना शिकागोला बहाल झाला, पण तो धरायचा की नाही यावर वाद पेटला आणि शेवटी बक्षिसाचे हजार डॉलर पाचशे-पाचशे असे वाटून घेतले. 1887 मध्ये तर डेट्रॉइट आणि सेंट लुईस खास आगगाडीने गावोगाव फिरत पंधरा सामने खेळले. अकराव्या सामन्यातच डेट्रॉइटने मालिका खिशात घातली होती, तरी उरलेले चार खेळलेच. तिकिटं विकायची होती ना! याला अधिकृत मानायचं नाही, असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. पण अधिकृत नसणं वेगळं आणि झालंच नसणं वेगळं. नावाचा उगम शोधताना तर हा फरक विसरून चालतच नाही.

आता ‘खर्च वर्तमानपत्राने उचलला.’ या मालिकांमध्ये उचलायला खर्च नव्हता, वाटून घ्यायला गल्ला होता. 1886 मध्ये सेंट लुईसचा मालक क्रिस फॉन डर आहे (हे खरंच त्याचं आडनाव, क्रियापद नव्हे) आणि शिकागोचा अल्बर्ट स्पॉल्डिंग यांनी ठरवलं की जिंकेल त्याने सगळा गल्ला न्यायचा. सहाव्या सामन्यात दहाव्या डावात सेंट लुईसच्या कर्ट वेल्चने धावत येऊन विजयाची धाव घेतली. ती पुढे ‘पंधरा हजार डॉलरची स्लाइड’ (म्हणजे घसरत तळ गाठणं) म्हणून गाजली, प्रत्यक्षात रक्कम चौदा हजारांच्या आसपास होती. यात वर्तमानपत्र कुठे आहे?

1903 चंही तसंच. पिट्सबर्गचा मालक बार्नी ड्रायफस आणि बॉस्टनचा हेन्री किलिलिया यांनी आपसांत करार केला: नऊपैकी पाच जिंकेल तो विजेता. बॉस्टन 5-3 ने जिंकलं. ड्रायफसने आपला मालकाचा वाटाही खेळाडूंना देऊन टाकला, त्यामुळे हरलेल्या पिट्सबर्गच्या खेळाडूला सुमारे 1,316 डॉलर मिळाले आणि जिंकलेल्या बॉस्टनच्या खेळाडूला 1,182. वाटपाचा हिशेब असा डॉलरपर्यंत टिकून राहिलेला आहे. त्यात कुणा प्रायोजकाचा रकाना नाही.

शिवाय हे वर्तमानपत्र कोणाचं होतं ते बघा. 1883 पासून न्यूयॉर्क वर्ल्डचा मालक जोसेफ पुलित्झर. स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी 1885 मध्ये त्याने वर्गणी गोळा केली तेव्हा चार आणे-आठ आणे देणाऱ्यांचीसुद्धा नावं छापली. नेली ब्लाय या वार्ताहर बाईंना जगाच्या फेरीवर धाडलं आणि त्या 72 दिवसांत परतल्या, तर त्याचा केवढा गाजावाजा केला. असा माणूस राष्ट्रीय खेळाच्या अजिंक्यपदाचा खर्च करील आणि आपल्याच पानांत त्याचा उच्चार टाळील? अभ्यासकांनी त्या काळचे अंक चाळले, प्रायोजकत्वाची एक ओळ सापडली नाही.

आणि न्यूयॉर्कच का? 1903 मध्ये एकही संघ न्यूयॉर्कचा नव्हता. 1885 आणि 1886 मध्येही नव्हता, तरी मालिका ‘जगाची’च होती. याउलट 1904 मध्ये न्यूयॉर्क जायंट्स नॅशनल लीगचे विजेते ठरले. वर्तमानपत्राला घरबसल्या सुवर्णसंधी! त्या वर्षी मालिका झालीच नाही. जायंट्सचा मालक जॉन ब्रश आणि व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ यांनी प्रतिस्पर्धी अमेरिकन लीगला आपल्या बरोबरीची मानायचं नाकारलं. पुढच्या वर्षी नियम बांधून मालिका सुरू झाली, तेही त्याच ब्रशच्या पुढाकाराने.

शेवटचं वाक्य, ‘जगाशी काही संबंध नाही.’ म्हणजे अमेरिकन लोकांवरचा बढाईखोरपणाचा आरोप पुसायचा म्हणून ही सारी खटपट. पुसू नये. बढाई होतीच. व्यावसायिक बेसबॉल दुसरीकडे फारसा कुठे खेळला जात नव्हता, तेव्हा ओसाड गावी एरंड बळी. स्पॉल्डिंगने 1888-89 मध्ये खेळाडू घेऊन जगाचा दौरा केला, ऑस्ट्रेलियातून कोलंबोला, तिथून थेट पिरॅमिडच्या पायथ्याशी. सगळीकडे अमेरिकनच अमेरिकनांविरुद्ध खेळले.

मला खटकतं ते वेगळंच. 1884 मध्ये याच असोसिएशनमध्ये टोलेडोच्या संघात मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा) खेळत होता. त्यानंतर कृष्णवर्णीयांना दारं बंद झाली ती 1947 पर्यंत. सप्टेंबर 1887 मध्ये क्यूबन जायंट्स या कृष्णवर्णीय संघाशी (यात क्यूबाचं कुणी नव्हतं, नाव तेवढं तसं) सेंट लुईसचा प्रदर्शनीय सामना ठरला होता. सेंट लुईसच्या बहुतेक खेळाडूंनी आपण खेळणार नाही असं मालकाला लिहून दिलं. पुढच्याच महिन्यात हाच संघ खास गाडीत बसून जगाच्या अजिंक्यपदासाठी निघाला. जपान नि क्यूबा राहू द्या, त्या ‘जगा’त शेजारची आळीसुद्धा नव्हती.

बाकी 1884 च्या तिसऱ्या सामन्याचं सांगायचं राहिलं. थंडी कडक होती, प्रेक्षक जेमतेम तीनशे. मालिका आधीच जिंकलेल्या प्रॉव्हिडन्सला खेळायचंच नव्हतं. मग यजमानांनी त्यांना सांगितलं, पंच तुम्ही निवडा. त्यांनी मेट्रोपॉलिटन्सचाच पिचर टिम कीफ निवडला. आदल्या दोन दिवसांत दोन सामने हरलेला माणूस जगज्जेतेपदाच्या शेवटच्या सामन्यात पंच म्हणून उभा राहिला.