चषक, तिरका

सोसायटीच्या क्रिकेट स्पर्धेचा फ्लेक्स करायचा होता. ‘तुम्ही लिहिता ना हो?’ एवढ्या पुराव्यावर ते काम माझ्या गळ्यात पडलं. मजकूर पाच मिनिटांत झाला. मग सेक्रेटरींनी मोबाइल पुढे केला. त्यात एक इंग्रजी फाँट होता, जाडजूड, ऐसपैस, टोकांना शेपट्या नसलेला आणि पुढे झुकलेला. बाइकच्या टाकीवर असतो ना, तसला. उभ्या जागी धावणारा.

"असंच मराठीत पाहिजे. जोश दिसला पाहिजे."

फ्लेक्सवाल्याकडच्या पोराने कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आमचं मॅटर टाकलं, तोच फाँट लावला आणि पडद्यावर नुसते चौकोन उमटले. "सर, याच्यात मराठी नाय. पण करून देतो." ‘करून देतो’ ऐकलं की माझा हात आपोआप पाकिटाकडे जातो.

त्याने एक साधा मराठी फाँट घेतला आणि माउसने आडवा ताणला. उभे दंड खांबाएवढे झाले, शिरोरेषा मात्र होती तेवढीच राहिली. दोरीवर पैलवान वाळत घातल्यासारखे दिसू लागले. दोरी जाड करायला त्याने सगळ्यालाच बाहेरून काळी किनार दिली, तर ‘ष’च्या पोटातली फट बुजली. चषकाचा चपक झाला.

"लांबून कळतंय सर."

लांबून म्हणजे नेमकं किती, हे मी विचारलं नाही.

मग तिरकं करणं. 1501 साली व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसने अख्खं पुस्तक तिरक्या अक्षरांत छापलं, ते हाताच्या लपेटदार लिखाणावरून बेतलेलं होतं. आमच्या पोराने बेतलं-बितलं काही नाही. वीस अंश टाकले नि एंटर मारलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की रोमन अक्षरं जमिनीवर उभी असतात, झुकली की धावल्यासारखी वाटतात. आपली वरून लोंबतात. ती झुकवली तर गाडीने धक्का दिल्यावर लोकलमधली कडी धरलेली माणसं झुलावीत तशी दिसतात. पाय मागे, हात वर, चेहऱ्यावर ‘अंबरनाथ कधी येणार’.

त्यात ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’. नाव रुंद अक्षरांत दहा फुटांत मावेना. ‘मर्यादित’ खालच्या ओळीत ढकललं, तर वरच्या ओळीतल्या ‘गृ’चा पाय त्याच्या रफारात अडकला. ‘मर्यादित’ काढून टाकू म्हटलं, तर सेक्रेटरी फोनवर म्हणाले, "रजिस्टर्ड नाव आहे, साहेब." अखेर नाव बारीक, सरळ आणि तळाशी गेलं. ‘चपक’ मात्र दोन फूट उंच, तिरका. ‘ष’ची फट मोकळी करायला सांगितली, तर पोरगा म्हणाला, "आता कर्व्ह केलंय सर, अक्षरांचं चित्र झालंय, परत पहिल्यापासून करावं लागेल." रात्रीचे साडेनऊ झाले होते. राहू दे म्हटलं.

सकाळी मैदानावर गेलो तर फ्लेक्स तिरपा बांधलेला, उजवं टोक हातभर वर. वॉचमनला हाक मारली.

"मामा, हे असं काय बांधलंत?"

"अक्षरं पडाय लागली होती, साहेब," तो म्हणाला, "म्हणून तिकडचा दोर वर घेतला. आता बघा, सरळ झाली का नाय."

झाली होती.